कोपरापर्यंत हात

नाकाला रुमाल लावायचा असेल तर आत्ताच लावून घ्या, मित्रांनो. मी एक जुना उकिरडा आहे. पारोळ्याहून भडगावकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा फुटतो. त्या फाट्यावरच्या गावात शेवटच्या घराच्या गोठ्यामागे, कडुलिंबाच्या सावलीत माझा मुक्काम आहे. माझ्यावरून तुमच्यात एक म्हण आहे. ती मी इथे सांगणार नाही, मला ती आवडत नाही. कोणी पसारा केला की 'घराचा उकिरडा केला' म्हणून त्याला बोलतात, तेही मला लागतं. माझ्यात घाण येते हे मी नाकारत नाही. पण माझ्यातून जे बाहेर जातं ते तुमच्यापैकी किती जणांनी मुठीत घेऊन पाहिलं आहे? पिकलेल्या खताला घाणीचा वास येत नाही. नुकत्याच नांगरलेल्या वावराचा येतो.

मला चिंधाने खणलं, त्याला आता सत्तर वर्षं उलटून गेली. त्या काळी गावात जो तो घरामागे शेणाचा ढीग घाली. चिंधाला ते पटत नसे. ढिगाला ऊन भाजतं, वारा सुकवतो, पावसाळ्यात त्याचा काळा रस वाहून गटारीला लागतो आणि वावरात जातो तो नुसता भुसा, असं तो ज्याला त्याला सांगत सुटे. लोक हसत. मग त्याने बोलणं बंद करून कुदळ उचलली. तीन पुरुष लांब, दोन पुरुष रुंद आणि छातीइतका खोल असा मला खणला, तळ ठोकून घट्ट केला आणि काठावर सावलीसाठी लिंबाचं रोप लावलं. तो लिंब आणि मी एका वयाचे आहोत. तो वर वाढला, मी जिथल्या तिथे राहिलो, पण आमचं कधी भांडण झालं नाही.

पहिल्याच वर्षी माझं पोट भरलं. गोठ्यातलं शेण, गोमूत्राने भिजलेली माती, गव्हाणीतलं चघळ, चुलीची राख, खळ्यावरचा भुसा, झाडलेला पालापाचोळा. चिंधाची बायको भिकुबाई रोज सकाळी पाटी आणून माझ्यात ओती आणि वरून मूठभर माती टाकी. माझ्या पोटात लाखो बारीक जीव राहतात, डोळ्यांना न दिसणारे. ते हे सगळं खातात. खाताना ते इतके तापतात की थंडीच्या दिवसांत माझ्यातून वाफा निघतात. आषाढ-श्रावणातलं ओलं शेण मार्गशीर्षात तपकिरी होतं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, काळं आणि भुसभुशीत. तेव्हा आतल्या जिवांचं खाणं संपलेलं असतं आणि मी गार होतो. गार झालो की मी वावरात जायला तयार.

त्या वर्षीच्या पौषातली एक पहाट मी विसरलेलो नाही. भिकुबाईची तीन लेकरं पाठोपाठ गेली होती, एकही सव्वा महिन्याच्या पुढे गेलं नव्हतं. चौथा मुलगा झाला तेव्हा सुईण बेबाबाई म्हणाली, याला आपलं म्हणू नका, दृष्ट लागते. मग जुन्या रीतीप्रमाणे भिकुबाईने अंगावर थंडी घेत ते लेकरू सुपात घालून माझ्यावर आणून ठेवलं आणि पाठ फिरवली.

"हाऊ मना नही," ती म्हणाली. "हाऊ उखर्डाना शे."

बेबाबाई थोडा वेळ थांबली, मग पुढे होऊन तिने ते उचललं आणि जणू आत्ताच काही दिसलंय अशा सुरात विचारलं, "उखर्डावर लेकरू सापडनं व माय, कोणले पाहिजे?" भिकुबाईने ओंजळभर ज्वारी देऊन ते मागून घेतलं. तो जगला. आमच्या बोलीत मला उखर्डा म्हणतात, म्हणून त्याचं नाव उखर्डू ठेवलं. चिंधाचं नावही तसंच पडलेलं, तो लहानपणी चिंध्यांत गुंडाळून वाचवलेला. आता तुम्ही म्हणाल, हा सगळा भाबडेपणा. असेल. पण बाहेर ओठ फुटत होते अशी थंडी होती आणि मी त्या पहाटे आतून तापलेला होतो. जेवढा वेळ सूप माझ्यावर होतं तेवढा वेळ ते लेकरू रडायचं थांबलं होतं. माझा त्यात काही वाटा असेल असं मी कधी कोणाला सांगितलं नाही, आज तुम्हाला सांगतो आहे.

उखर्डू चालायला लागला तो माझ्या काठाकाठाने. दहा वर्षांचा झाला तेव्हा चिंधाने त्याला आमच्या घरची खरी विद्या शिकवली. आखाजीचा सण झाला, माहेरवाशिणी झोके खेळून परत गेल्या, की खताच्या गाड्या निघत. पण गाडी जुंपण्याआधी चिंधा माझ्यात उतरे, वरचा थर बाजूला सारे आणि कोपरापर्यंत हात आत घाली. हात घालून तो डोळे मिटून उभा राही. गरम लागलं तर बाहेर येऊन बैलांना पुन्हा गोठ्यात बांधी आणि पंधरा दिवस थांबे. गार लागलं तरच गाडी. त्या दिवशी त्याने उखर्डूला हात घालायला लावला. पोराने तोंड वाकडं केलं, पण घातला. पुढे चिंधा गेला आणि हात घालायचा मान उखर्डूकडे आला. दर वर्षी सगळी माणसं काठावर उभी राहत आणि तो काय म्हणतो याची वाट बघत.

"गार शे. चाला," एवढंच तो म्हणे, आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजू लागत.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. चिंचेचं वावर म्हणून आमचं तीन एकर रान आहे, बांधावर एक मोठी चिंच आहे म्हणून ते नाव. सगळा मी तिथे जाई. तुम्हाला वाटेल, रिकामा झाल्यावर हा संपला. तसं नसतं. माझं अंग दर वर्षी वावरात जातं आणि तरी मी उरतोच, म्हणून या खड्ड्यात बसूनही त्या वावराची मला खबर असते. तिथे गेल्यावर माझा बराचसा भाग हळूहळू हवेत विरून जातो, जसा तुमचा श्वास जातो. थोडा भाग पिकाच्या मुळांना मिळतो. आणि अगदी थोडा भाग मातीला बिलगून वर्षानुवर्षं तिथेच राहतो. तोच मातीला काळेपणा देतो, तिचे दाणे दाणे बांधून ठेवतो, पाणी धरून ठेवतो. वावरातून कडबा गोठ्यात येई, गोठ्यातून शेण माझ्याकडे, माझ्याकडून खत पुन्हा वावरात. या फेऱ्यात मी किती वेळा गेलो-आलो ते मोजलं नाही. उखर्डू वखर चालवताना मधेच बैल थांबवी आणि ढेकूळ उचलून फोडी. त्यात गांडूळ निघालं की तो खुशीत येई. आजूबाजूचे लोक बांधावर येऊन विचारत, कपाशी इतकी हिरवी कशी रे? तो माझं नाव घेई. मी खड्ड्यात बसून फुगत असे.

मग रासायनिक खताच्या पांढऱ्या गोण्या आल्या. मी त्यांना शिव्या देणार नाही, खोटं बोलायचं वय राहिलं नाही. पारोळ्यातल्या महावीरशेठच्या वडिलांच्या दुकानातून पहिली गोणी आली, ती वावरात पडली आणि आठ दिवसांत कपाशी काळपट हिरवी झाली. मला जे करायला वर्ष लागे ते तिने आठवड्यात केलं. मला हेवा वाटला, हे कबूल करतो. उखर्डू आधी माझा एक थर आणि गोणीचा एक डोस असं दोन्ही देई, आणि ते दिवस चांगलेच होते. पण हळूहळू बैल म्हातारे झाले, विकले गेले. ट्रॅक्टर आला. गोठ्यात सात गुरं होती तिथे एक म्हैस आणि दोन गाई उरल्या. मी अर्धाच भरू लागलो. दर आखाजीला जाणारी गाडी तीन-तीन वर्षांनी जाऊ लागली. माझ्यात शेणाऐवजी गुटख्याच्या पुड्या, औषधाच्या बाटल्या, तुटक्या चपला येऊन पडत. प्लास्टिक मला पचत नाही हो. ते वर्षानुवर्षं तसंच्या तसं कुशीत टोचत राहतं. एकदा एक निळी चप्पल सहा वर्षं माझ्यात होती, तिचा अंगठासुद्धा झिजला नाही.

तिकडे कपाशी निघाली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, बांधावर पेटवून देत. जे माझ्या पोटात यायचं ते तासाभरात धूर होऊन जाई. चिंचेच्या वावराची माती फिकट होऊ लागली. पाऊस पडून गेला की वर पापडी धरे आणि पाणी आत मुरायच्या ऐवजी बांधाकडे धावे. आता तो उखर्डू सगळ्यांचा आबा झाला होता. ढेकूळ फोडायची सवय मात्र तशीच. ढेकूळ फुटायला दगड लागे आणि आत काहीच नसे. आबा ते तुकडे हातात धरून कितीतरी वेळ उभे राहत. त्यांना त्या वावराचं फार वाईट वाटे आणि ते कोणाला बोलून दाखवत नसत.

आबांचा मुलगा लीलाधर कष्टाळू माणूस आहे. त्याला नावं ठेवायला जागा नाही. पीक कमी आलं की तो गोणी वाढवी. शेवटी महावीरशेठनेच त्याला अडवलं. शेठ म्हणाले, गोण्या विकणं माझा धंदा आहे, तरी सांगतो, आधी माती तपासून आण. माती तपासली. कागदावर सेंद्रिय कर्ब लिहिलेला असतो, म्हणजे मातीत मागे राहिलेला माझ्यासारख्यांचा अंश. तो शेकडा अर्धा तरी असावा लागतो, आमच्या वावराचा पाव टक्क्याच्या जरा वर आला. लीलाधरची बायको नूतन शिरपूरकडची, शेतीची पदविका झालेली. तिने तो कागद आबांना वाचून दाखवला आणि सांगितलं की गोणीतलं खत धरून ठेवायला मातीत काही उरलेलंच नाही, देतो त्यातलं निम्मं वाया जातंय. आबा म्हणाले, हे मला कागदाशिवाय ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले, असं नूतन म्हशीला चारा घालताना पुटपुटली ते मी ऐकलं.

तोवर लीलाधरच्या मनात दुसरंच काही शिजत होतं. मला बुजवून त्या जागी ट्रॅक्टरसाठी शेड बांधायची. त्याचंही खरं होतं, ट्रॅक्टर उन्हापावसात उभा राही. आबांनी फार वाद घातला नाही. त्यांनी एकच मागणं मागितलं. मला एकदा गच्च भरायचं, चांगलं पिकवायचं आणि सगळा मी चिंचेच्या वावरात टाकायचा, मग हवं ते बांधा. लीलाधर कबूल झाला. नूतनने त्या वर्षी पऱ्हाटी पेटवू दिली नाही. तिचे तुकडे करून माझ्यात टाकले, वर शेण, वर माती. पुष्कळ वर्षांनी मी काठोकाठ भरलो. म्हाताऱ्याला अचानक पंगतीला बसवावं तसं मला झालं. पण मित्रांनो, पऱ्हाटी लाकडासारखी चिवट असते. ती पिकायला पुरतं वर्ष लागतं, आणि ती माझ्यात फाल्गुनात आली होती.

वैशाखात आबांचा मोतीबिंदू काढायचा ठरला. धुळ्याला मुलीकडे राहून ते काम करायचं होतं. निघताना ते काठी टेकत माझ्यापाशी आले, लीलाधर बॅग घेऊन मागे.

"मी येस तोपर्यंत थांब," आबा त्याला म्हणाले. "हात घालाशिवाय काढू नको."

लीलाधर हो म्हणाला. आणि त्याने तो शब्द मोडला तोही वाईट हेतूने नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ज्येष्ठ लागला. पाऊस जवळ आला. शेजारच्या वावरात जेसीबी आला होता, तो एक दिवस मोकळा मिळत होता. लीलाधरला वाटलं, आबा डोळ्यावर काळा चष्मा लावून येतील तेव्हा त्यांना थेट वावरात न्यावं आणि दाखवावं, बघा, सगळा उकिरडा टाकला, तुमची इच्छा पुरी केली. त्या आनंदात तो माझ्यात उतरला नाही. जेसीबीच्या बादलीने मला सकाळपासून दुपारपर्यंत उपसलं. मी आतून चांगलाच तापलेला होतो, बादली वर जाताना वाफ दिसत होती. ज्येष्ठाच्या उन्हात वाफेकडे कोण बघतो? मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. दहा ट्रॉल्या गेल्या. फक्त एक कोपरा राहिला, लिंबाच्या मुळ्यांखालचा, तिथे बादली शिरेना. तिथे चार वर्षांपूर्वीचं जुनं खत दडून बसलेलं होतं. लीलाधर म्हणाला, राहू द्या तेवढं.

नांगरून मला मातीत मिसळलं आणि पंधरा दिवसांत वर कपाशी टोचली. कपाशी उगवली, चार पानांवर आली आणि पिवळी पडली. आजूबाजूची हिरवी आणि आमची एकटीची पिवळी. मी तिथे मातीत होतो, मित्रांनो, काय चाललं आहे ते मला दिसत होतं. माझ्यातले ते बारीक जीव अजून उपाशी होते. पऱ्हाटी खायला त्यांना नत्र लागतं आणि माझ्यात ते पुरेसं नव्हतं, म्हणून त्यांनी मातीतलं ओढून घेतलं. जे कपाशीच्या वाट्याचं होतं ते माझ्यातल्या जिवांनी खाल्लं. सत्तर वर्षांत मी त्या वावराला कधी दगा दिला नव्हता. त्या वेळी मला जी लाज वाटली ती सांगता येत नाही.

आबा परतले तेव्हा लीलाधरने त्यांना वावरात नेलं नाही. पण काळ्या चष्म्यातून, नव्या नजरेने, ते स्वतःच बांधावर जाऊन उभे राहिले. लीलाधर मागून आला. तो रागावलेला नव्हता, त्याला रडू येत होतं.

"आबा," तो म्हणाला, "तुमना उखर्डानी वावर खाई टाकं."

आबा घरी येऊन खाटेवर बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. गावात लोक म्हणू लागले, उखर्डूच्या उकिरड्याने पिकाचा घात केला. ज्याच्या नावात मी आहे त्या माणसाला माझ्यामुळे मान खाली घालावी लागली. रविवारी मला बुजवायला मुरमाच्या ट्रॉल्या येणार, हे लीलाधरने ठरवून टाकलं. आबांनी त्यालाही मान डोलावली. चार दिवस ते माझ्याकडे फिरकले नाहीत. वासरू दुरावल्यावर गाय दिवसभर गोठ्याच्या दाराकडे बघते, तसा मी त्यांच्या खाटेच्या दिशेने बघत होतो.

शनिवारी दुपारी मात्र ते आले. काठी लिंबाला टेकवली, धोतर खोचलं आणि बहात्तर वर्षांचा तो माणूस कडेला धरून धरून माझ्यात उतरला. गोठ्यातून नूतनने पाहिलं आणि ती धावत आली. डॉक्टरांनी वाकायचं नाही सांगितलं आहे, असं ती म्हणत होती. आबांनी ऐकलं नाही. लिंबाच्या मुळ्यांखाली गुडघे टेकून त्यांनी त्या कोपऱ्यात हात घातला, कोपरापर्यंत. डोळे मिटले. मग त्यांनी नूतनला खाली बोलावलं.

"आठे हात घाल."

तिने घातला. "गार आहे, आबा."

"आते चाल."

तिचा हात धरून ते तिला तसेच चिंचेच्या वावरात घेऊन गेले. जिथे ट्रॉली उलटी केली होती तिथे माझा एक जाड थर नीट न पसरता मातीखाली गेला होता. आबांनी तिथे खुरप्याने उकरलं आणि तिला पुन्हा हात घालायला सांगितलं. नूतनने हात घातला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. अजून गरम होतं.

"जोपर्यंत गरम शे, तोपर्यंत त्याले भूक शे," आबा म्हणाले. "भुक्या पाव्हना आपन वावरमा धाडा. त्यानी कपाशीनं ताट खाई लिधं."

नूतन तिथेच मातीत बसली. पुस्तकात हे तिने शिकलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं, पण पिवळ्या पानाजवळ बसून कधी आठवलं नव्हतं. मग ती हळूहळू म्हणाली, "म्हणजे नत्र वाया गेलेलं नाही, आबा. ते वावरातच आहे, या जिवांच्या पोटात. त्यांचं खाणं संपलं की ते परत मातीला मिळेल."

"मियी. पन तोपर्यंत कपाशी उपाशी ऱ्हाई."

नूतनने बांधावरूनच महावीरशेठला फोन लावला. शेठ म्हणाले, थोडा युरिया द्या, फार नाही, त्या भुकेल्या जिवांपुरता आणि कपाशीपुरता. नूतन बिचकत आबांकडे बघू लागली. इतकी वर्षं गोण्यांवर कुरकुर करणारे आबा शांतपणे म्हणाले, दे, भुकेल्याला खाऊ घालायला लाज कसली. मीही माझा जुना हेवा त्या दिवशी गिळून टाकला.

रविवारी सकाळी मुरमाची पहिली ट्रॉली आली तेव्हा आबा आणि नूतन माझ्या कोपऱ्यातलं जुनं खत पाट्यांत भरत होते. लीलाधर काठावर येऊन उभा राहिला. नूतनने त्याला सगळं सांगितलं. त्याने वाकून पाटीतलं काळं भुसभुशीत खत पाहिलं. मग त्याने ट्रॉलीवाल्याला हात करून मुरूम गोठ्यासमोरच्या चिखलाच्या वाटेवर टाकायला सांगितला आणि तो आबांसमोर येऊन उभा राहिला.

"चुकी मनी शे," तो म्हणाला. "मी हात नही घाला."

आबांनी त्याच्या हातात भरलेली पाटी दिली. वीस ओळींना माझं जुनं खत पुरलं, झाडाच्या बुडाशी एकेक ओंजळ, बाकीच्या ओळींना शेठने सांगितलेला डोस. वीस ओळी आधी हिरव्या झाल्या. बाकीच्या मागून आल्या, भाद्रपदापर्यंत सगळं वावर सावरलं. त्या वर्षी कपाशी कमीच निघाली, तेही सांगून टाकतो. पण दसऱ्यानंतर कापूस वेचणीच्या वेळी आबांनी ढेकूळ उचललं तर ते बोटांनी फुटलं. आत गांडूळ होतं, एकच, बारीकसं. आबांनी ते पुन्हा मातीत ठेवलं आणि वरून माती सारखी केली.

शेड आता गोठ्याच्या दुसऱ्या अंगाला झाली आहे, जरा अडचणीची, पण झाली. दिवाळीला नूतनने माझ्या काठावर पणती ठेवली. ती रीत घरात बारा-तेरा वर्षं बंद पडली होती. माझ्यातलं प्लास्टिक तिने एकेक वेचून काढलं. त्यात ती निळी चप्पल निघाली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. पऱ्हाटी या वेळी पौषातच आली, शेणात भिजवून, थरावर थर. महिन्या-दीड महिन्याने मला खालीवर केलं आणि पाणी शिंपडलं; असं केलं की पऱ्हाटीही वर्षाऐवजी चार-पाच महिन्यांत पिकते.

आमच्यासारख्यांच्या गोष्टीच्या शेवटी काही मागणं असतं, तसं माझंही आहे. मित्रांनो, वावरातून आलेलं वावरात परत जाऊ द्या. पालापाचोळा पेटवून देऊ नका, माझ्यात आणून टाका. मला जे पचत नाही ते माझ्यात टाकू नका. आणि मी पिकेपर्यंत थांबा. मला घाई करता येत नाही, हा माझा दोष म्हणा हवं तर, पण माझा सगळा गुणही त्यातच आहे.

या आखाजीचं एवढं सांगतो आणि थांबतो. सण झाला, ट्रॅक्टर ट्रॉली जोडून काठावर येऊन उभा राहिला. आबा लिंबाखाली खाटेवर बसले होते. आता त्यांना खाली उतरवत नाही. सगळ्यांना वाटलं नूतन उतरेल. पण लीलाधरने मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं, बाही वर सारली आणि तो माझ्यात उतरला. पन्नाशीला आलेल्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा माझी पारख करायला घेतली. वरचा थर बाजूला केला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बापासारखेच त्याचे डोळे मिटले. ट्रॅक्टरचं इंजिन सुरूच होतं.

"आबा, गरम शे," तो म्हणाला.

लीलाधरनेच ट्रॅक्टरवर बसलेल्या गड्याकडे वळून सांगितलं, "आज नही. पंधरा दिनमा ये." इंजिन बंद झालं. माणसं पांगली. लीलाधर मात्र लगेच उठला नाही. त्याचा हात माझ्यात तसाच होता, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. माझ्यात फार ऊब नव्हती. पण पौषातल्या एका पहाटे त्याच्या बापाला तेवढीच पुरली होती.